रिक्षेवरचं नाव

कोकण रेल्वेच्या वीर ठेसनावरचा एक रिक्षावाला गाडी येईस्तोवर मुठीएवढ्या खेळण्यातल्या रिक्षा रंगवत बसतो. रंग वाळला की कापसानं पालिश, मग नाव छापलेला कागद पाण्यात भिजवून त्यावरचं नाव मागच्या काचेवर अलगद सरकवतो. तेव्हा कुणी बोललं तर डाफरतो, "गप रे, फुंकर लागते!"

माझी बायको पौषात गेली. मी म्हटलं, "एकीवर हिचं नाव टाक."

"काय नाव?"

जन्मभर नुसतं 'अगो' म्हणून हाक मारलेली. जीभ उचलेना.

"उखाण्यात घ्या, बाबा. नायतर कोरीच देतो."

बाकीचे रिक्षावाले जमले. शेवटी ओरडलोच, "रिक्षेला मारलं पालिश, दिसतंय त्यात तोंड, सखूचं नाव घेतो, लागतंय लय गोड!"

शिट्ट्या वाजल्या. मेला तो रंगवणारा म्हणतो, "नाय ऐकू आलं."

मी तीनदा घेतलं.