गावंडे सरांचा चौक

गावंडे सर कुठल्याही इमारतीत शिरले की आधी पश्चिमेच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावायचे, आजारी पोराच्या कपाळाला लावावी तशी. मग मान हलवून म्हणायचे, "ताप हाये याले." घरमालकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. अकोल्यात त्यांच्या आर्किटेक्टच्या कचेरीत मी नकाशे काढायला लागले तेव्हा मला हा माणूस जरा अर्धवटच वाटला. मी अमरावतीची, उन्हाचं मला काय कौतुक! पण अकोल्याचं ऊन म्हणजे मेलं वैरी.

सरांना एकच ध्यास होता. भर मे महिन्यात नुसत्या पंख्याखाली काम करता येईल अशी कचेऱ्यांची एक इमारत उभी करायची. साठीला आल्यावर संधी मिळाली. एका बिल्डरला चार मजले बांधून एकेक ऑफिस भाड्यानं द्यायचं होतं. भाडेकरू कोण येणार याचा पत्ता नव्हता आणि खर्च बेताचा करायचा होता.

"सर, समोरून पुरी काच लावा," बिल्डर म्हणाला. "गिऱ्हाईक गारवा पाह्यत नाही, काच पाह्यते."

"येनारा मानूस कोन, थे ना तुले मालूम, ना मले," सर म्हणाले. "ऊन कोन्या बाजूनं येनार, थे तं मालूम हाये ना? मंग त्याचा बंदोबस्त करू."

काच गेली, ग्रॅनाइट गेला, फॉल्स सीलिंग गेलं. त्या पैशात पश्चिमेला दुहेरी भिंत झाली. मधोमध आभाळापर्यंत उघडा चौक ठेवला, प्रत्येक ऑफिसची खिडकी त्या चौकात. फीच्या बदल्यात सरांनी पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली आणि आम्ही तिथंच बसायला लागलो.

पहिला उन्हाळा आठवला की अजून जीव हरखतो. इमारत अर्धी रिकामी, खिडक्या उघड्या, चौकातून गार झुळूक. सर भेटेल त्याला धरून आणायचे. "बसा ना बाप्पा, पाय पसरा! घाम येऊन राहिला का सांगा!"

मग वरच्या मजल्यावर एक कर्जवाली कंपनी आली. त्यांनी एसी लावला. दर्शनी बाजू खराब करायची नाही, असा बिल्डरचा नियम, म्हणून बाहेरचा डबा चौकात टांगला. त्याची गरम हवा शेजारच्या खिडकीत शिरली. शेजाऱ्यानं खिडकी लावून एसी घेतला. मग त्याच्या शेजाऱ्यानं.

सर दारोदार फिरले. "डबे गच्चीवर न्या, हात जोडतो." एक क्लासवाला हसून म्हणाला, "भाड्याची जागा हाये सर. उद्या सोडून जाऊ. गच्चीपर्यंत इतका पाइप कावून इकत घेऊ?" त्याचंही काही चूक नव्हतं.

गेल्या मे महिन्यात चौकात उघडी खिडकी एकच उरली होती, आमची. तिच्यातून भट्टीसारखी हवा यायची. एका दुपारी एसीवाला मेकॅनिक दारात उभा राहिला. चुकून आला असेल म्हणून मी त्याला वर पाठवत होते.

"येऊ दे वं त्याले," सर म्हणाले. "म्याच बलावलं."

"डबा कुठं टांगू साहेब?"

"चौकातच. सगळ्यायचे तिथंच हायेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. काम उरकून मेकॅनिक गेला. सरांनी उठून स्वतः खिडकी लावली, कडी घातली आणि रिमोट माझ्यापुढे धरला.

"पाह्य वं पोरी, हे चालू कसं करतेत?"