फुगे सोडणारी मावशी

माझी मावशी हवामान खात्यात फुगे सोडायची. हे ऐकून लोकांना हसू यायचं, म्हणून आई मुद्दाम सांगायची. "आमची धाकटी? फुगेवाली आहे ती," असं म्हणून पाहुण्यांचे चेहरे बघत बसायची. मग मावशीलाच खुलासा करावा लागायचा, की फुगा माणसाहून उंच असतो, त्याला खाली दोरीने एक हलकी डबी बांधलेली असते आणि ती डबी वीस-पंचवीस किलोमीटर वर जाईपर्यंत वारा, तापमान, ओलावा कळवत राहते.

आई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, त्यामुळे मावशीची वेणी घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं आईने केलं. मावशीने लग्न केलं नाही. तीन गल्ल्या पलीकडे तिची दोन खोल्यांची जागा होती, पण तिचा चष्मा, छत्री आणि निम्मे कपडे आमच्याकडेच सापडायचे. आई म्हणायची, "वाळत घातलेले कपडे आत घेऊ का, एवढं सांग. अकरा किलोमीटरवर काय चाललंय ते नको." मावशी खिडकीतून बघून "राहू देत" म्हणायची आणि तासाभरात कपडे भिजलेले असायचे.

पन्नाशी उलटल्यावर तिला परदेशातलं काम मिळालं. तिथल्या एका प्रक्षेपण केंद्राला वरच्या वाऱ्याची मोजणी करणारी अनुभवी माणसं हवी होती. जायचं दोन-दोन महिन्यांसाठी. रॉकेट उडायच्या दिवशी एकामागून एक फुगे सोडायचे आणि आलेले आकडे तक्त्यावर सही करून नियंत्रण कक्षात द्यायचे. वारा मर्यादेबाहेर असला तर उड्डाण थांबायचं. मावशी तीनदा जाऊन आली. चौथ्यांदा निघाली तेव्हा आईचा फुप्फुसांचा आजार वाढला होता, पण डॉक्टर "अजून वेळ आहे" म्हणत होते. आईनेच तिची बॅग भरून दिली.

पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "जवळच्यांना बोलावून घ्या."

मी मावशीला फोन केला. तिच्या जोडीचा निरीक्षक नेमका ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडला होता, आणि बदली माणूस यायला दहा दिवस होते. उड्डाण शुक्रवारचं होतं. "ते झालं की शनिवारचं विमान. तिकीट काढलंय," ती म्हणाली. मी फोन आईच्या कानाला लावला. "ताई, रविवारी सकाळी येते." आईला दम लागला होता. "ये," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मावशीचा फोन आला. "उड्डाण पुढे ढकललंय. आता बुधवारी."

"का?"

"वर वारा होता."

रविवारी सकाळी आईने विचारलं, "आली का?" मी उड्डाणाचं सांगितलं. ती म्हणाली, "धाकटीला रागावू नकोस. काम टाकून येणारी नाही ती. मीच तशी वाढवलीय तिला. हे तिला सांग." सोमवारी सकाळी आई गेली.

मावशी पोचली ती बुधवारचं उड्डाण आटोपून, शुक्रवारी. बॅग हातातच घेऊन ती आईच्या पलंगाशी उभी राहिली. गादीवर चादर नव्हती. मग स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"शुक्रवारचा आकडा माझाच होता. सेकंदाला पंचेचाळीस मीटर ही मर्यादा. पहिल्या फुग्याने सत्तेचाळीस दाखवले. तासाभराने दुसरा सोडला, तरी सत्तेचाळीसच. तक्त्यावर मी चव्वेचाळीस लिहिले होते. पेन्सिलीने. पाच मिनिटं तो कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मग खोडले."

"रॉकेटमध्ये माणसं होती?"

"नाही. उपग्रह होता."

"म्हणजे कुणी मेलं नसतं."

"नसतं."

"दोन-तीनचा तर फरक. नीट उडालंही असतं."

"असतं कदाचित."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. प्रत्येक गोष्ट ती कबूल करत होती आणि माझा राग चढत होता. मी म्हणाले, "आई रोज विचारायची, आली का, आली का."

आईने एकदाच विचारलं होतं. आणि निरोप मी सांगितलाच नाही.

मावशीने आमच्या घरातले तिचे कपडे गोळा केले आणि ती निघून गेली. परदेशी जायचं पुढचं बोलावणं तिने नाकारलं. निवृत्त होईपर्यंत ती नव्या मुलांना शिकवत राहिली. आमचं बोलणं कामापुरतं उरलं. गॅस आला का, रक्त तपासलं का, बस. अशी नऊ वर्षं गेली.

मागच्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात दिवसातून चारदा थेंब घालायचे होते, म्हणून मी आठवडाभर तिच्याकडे राहायला गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी थेंब घालून झाल्यावर ती डोळे मिटून पडली होती. मी म्हणाले, "मावशी, आईने तुझ्यासाठी निरोप ठेवला होता." आणि शब्दन् शब्द सांगितला.

तिने विचारलं, "कधी म्हणाली हे?"

"जायच्या आदल्या दिवशी."

"आणि ते, रोज विचारायची म्हणालीस ते?"

"एकदाच विचारलं. मी खोटं बोलले तुझ्याशी."

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी रोज ऐकत होते गं ते. नऊ वर्षं."

मला माफी मागायचीही लाज वाटली.

संध्याकाळी मी थेंबांची बाटली घेऊन गेले, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. "मला जमतं," म्हणाली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कपाळावर. तिसरा मिटलेल्या पापणीवर पडला. मग तिने बाटली माझ्यापुढे धरली आणि मान मागे टेकवली.