सुरुवात कोणी केली

कानडी मुलखातल्या राजाजीनगरात आमचं एक शांतता मंडळ होतं. जगात बॉम्ब फुटू नयेत म्हणून पत्रकं वाटायची आणि गल्लीत डोकी फुटू नयेत म्हणून धावपळ करायची, एवढाच कारभार. सभासद वीसेक, सतरंजी एक, आणि ती अंथरायला एका सभासदाची पडवी. हे सगळं उभं केलं होतं एका निवृत्त मास्तरांनी. ते बेळगावकडचे, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि आपण शिरलोय हे त्यांना कळायचंही नाही. साठ सालानंतर त्यांची नजर गेली आणि अध्यक्षपद त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी तेव्हा पस्तिशीतला. पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आलेला, इन्स्पेक्शन खात्यात. एखादा भाग मापाबाहेर निघाला की तो कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, कोणाच्या हातून बिघडला, ते हुडकून काढणं हे माझं काम. चूक सापडली, की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मास्तरांनी कारभार सोपवताना एकच गोष्ट बजावली. "काय वाट्टेल ते विचारा, पण सुरुवात कोणी केली, तेवढं विचारू नका बघा." त्यांची स्वतःची रीत वेगळी. दोन्ही घरी जायचं, पाणी मागून प्यायचं आणि भांडण सोडून बाकी सगळ्या गप्पा हाणायच्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. शेवटी भांडणारेच कंटाळून म्हणायचे, "सरी, बरं, सोडा आता." मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात सरकारी नळावरून वरची गल्ली आणि खालची गल्ली भिडल्या. खालच्या बाजूने आलेला एक दगड वरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याच्या कपाळावर बसला. पोलिसात तक्रार झाली. रविवारी सकाळी मी दोन्ही गल्ल्यांना पडवीत बोलावलं आणि मास्तर शेजारी बसलेले असताना सरळ विचारलं, "पहिला दगड कोणी मारला?"

जो तो सतरंजीकडे बघू लागला. माझं टाळकं सरकलं. "दगड काय आपोआप उडाला?" मास्तर हळूच म्हणाले, "स्वल्प थांबा हो." मी थांबतोय कसला!

खालच्या गल्लीतली एक विधवा बाई मागे बसली होती. इथल्याच जुन्या मराठी शिंप्याच्या घरातली, दिराच्या आश्रयाला राहणारी. आमच्या पत्रकांना घड्या घालायला नेमाने यायची. मला अण्णा म्हणायची, म्हणजे इकडच्या रीतीने थोरला भाऊ. मी तिच्याकडे वळलो.

"अक्का, तुम्ही तर आपल्या मंडळाच्या. तुम्ही पाहिलं असणार."

तिने पदर मुठीत घट्ट धरला. "सांगितलं तर माझं काय होईल, अण्णा?"

"अहो, मंडळ आहे ना!" मी म्हणालो.

"माझ्या दिरानं मारला," ती म्हणाली.

तासाभरात सगळं मिटलं. दिराने हात जोडून माफी मागितली, वरच्या गल्लीने तक्रार मागे घ्यायचं कबूल केलं, नळाच्या वेळा ठरल्या. मास्तर काठी टेकत घरी गेले. मी मात्र त्या दिवशी ऐटीत जेवलो.

तिसऱ्या दिवशी मला दुसरी पाळी होती. दुपारी जेवायला बसणार, इतक्यात दाराची कडी वाजली. बाहेर ती, पायाशी पत्र्याची ट्रंक. दिराने तिचं सामान रस्त्यावर काढलं होतं. "दोन दिवस राहू द्या अण्णा, मग बघते कुठंतरी." माझी बायको तिचं ताट वाढायला आत वळलीसुद्धा. आणि मी दार अडवून उभा राहिलो. म्हणालो, "अक्का, तुम्ही इथे राहिलात तर लोक म्हणतील, अध्यक्ष एका बाजूचा आहे. मिटलेलं सगळं पुन्हा उसवेल." रस्त्यावर आलेल्या बाईला मी निःपक्षपातीपणा समजावत होतो! लाज कशी वाटली नाही मला? तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "सरी, अण्णा," म्हणाली आणि ट्रंक उचलून गेली.

बायकोने वाढलेलं ताट माझ्यासमोर आदळलं. "घ्या. तिचं आहे."

ताट तसंच सोडून मी मास्तरांकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकलं, चपला शोधल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, हुडकू." आम्ही बसस्टँड पालथा घातला, देवळांच्या ओसऱ्या पाहिल्या, चिकपेठेजवळ तिच्या भावाकडे गेलो. ती तिकडे गेलीच नव्हती. पुढे कित्येक रविवार मास्तर मला घेऊन हिंडले. नजर गेलेला माणूस दारोदार विचारत होता आणि डोळे असलेला मी त्यांच्याबरोबर नुसता चालत होतो.

तेव्हापासून दुपारची कडी वाजली की मी हातातला घास ताटात ठेवतो. कधी कधी तर वाजलेलीच नसते. मी उठून दार उघडतो, बाहेर नुसतं ऊन. एकदा मल्लेश्वरच्या बाजारात ट्रंक घेऊन चाललेल्या एका बाईच्या मागे मी तीन रस्ते चालत गेलो. ती बिचारी घाबरून एका दुकानात शिरली. वळली तेव्हा चेहरा भलताच निघाला. मेलेल्या माणसाचं निदान श्राद्ध घालता येतं हो. हिचं काय करू? ती आहे की नाही, हेच मला ठाऊक नाही.

त्या नळावर मात्र पुन्हा कधी भांडण झालं नाही. बायका मुकाट्याने रांग लावायच्या, घागर भरायच्या, निघून जायच्या. कोणी कोणाबद्दल चकार शब्द काढायचं नाही. दुसऱ्या वस्त्यांतले लोक येऊन मला विचारायचे, कसं जमवलंत? मी काहीबाही सांगायचो.

दोन वर्षांनी मंडळाच्या वार्षिक सभेत खालच्या गल्लीने माझा सत्कार ठेवला. मी नको नको म्हणालो, पण ते म्हणायचं म्हणून. हार घेऊन पुढे आला तो तिचा दीर. हसतमुख, कपाळाला गंध लावलेला. त्याने हात वर केले आणि मी मान वाकवली. हो, वाकवली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मास्तर माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे कान केला.

"हार कोणी घातला हो?"

"गल्लीतल्या एकानं," मी म्हणालो.

ते आणखी जवळ सरकले. "आणि ती? सापडली काय?"

टाळ्या अजून चालूच होत्या. ऐकूच आलं नाही असं दाखवून मी लोकांना नमस्कार करत राहिलो.