क्लचताई नऊ किलोमीटर गप्प बसतात

त्यांचं खरं नाव आता बँकेच्या पासबुकात तेवढं उरलंय. बाकी सगळ्या शहराला त्या क्लचताई. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवायचं आणि दिवसातून दोनशे वेळा "क्लच! अहो, क्लच!" म्हणून किंचाळायचं, तर दुसरं नाव मिळणार तरी कुठलं? टायरच्या दुकानाला चिकटलेली दहा बाय दहाची खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दारात ती पांढरी गाडी. तिच्या टपावर स्कूलचा बोर्ड, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक नि जादा क्लच. शिकणारा स्टिअरिंगवर, ताई शेजारी. वेळ आली की ताईंचा पाय खाली जातो. आणि वेळ कशी, दर दहा सेकंदांनी येतेच.

आता एक गोष्ट सांगतो, पण चारचौघांत बोलू नका. ताईंना स्वतःला गाडी चालवायची भीती वाटायची. हसताय काय? बावीस वर्षं बाई शेजारच्या सीटवर! घरून स्कूल आणि स्कूलवरून घर, एवढं त्या चालवायच्या. पण जरा लांबचा रस्ता लागला की त्यांची नजर शेजारी जायची, आणि शेजारी कोणीच नाही. आपण चुकलो तर ब्रेक दाबायला ताई कुठायत? ताई तर इकडे, स्टिअरिंगवर! मग तळहाताला घाम. म्हणून बाहेरगावी जायचं तर बाई निमूट बसने जायच्या आणि वर म्हणायच्या, "पेट्रोल परवडत नाही हो."

पण थोरल्या बहिणीने घाटापलीकडे नवं घर घेतलं आणि फोनवर टोमणा हाणला, "सगळ्या जगाला शिकवतेस आणि माझ्याकडे यायचं तर पिशव्या सांभाळत बसने येतेस. गाडी काय शोभेला ठेवलीये?" झालं. ताईंच्या नाकाला मिरची झोंबली. रविवारी जेवणं उरकली आणि बाई निघाल्या.

घाट चढताना चौथ्या वळणावर गाडी बंद पडली. बंद कसली पडते, ताईंनीच पाडली. क्लच लवकर सोडला! गाडी वीतभर मागे घसरली, ताईंनी हँडब्रेक ओढला आणि डोळे मिटून घेतले. मागे हॉर्नची वरात. कोणी काच खाली करून म्हणालंसुद्धा, "बोर्ड वाचा रे, बोर्ड! शिकवणारीच अडकलीये!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

मग एक ट्रकवाला आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खांद्यावर टॉवेल. आपला ट्रक त्याने जोडीदाराकडे सोपवला आणि न विचारता ताईंच्या शेजारी येऊन बसला. पायाशी ते जादा ब्रेक-क्लच दिसले, तसा म्हणाला, "हे नकोच," आणि पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. खिशातून शेंगदाणे काढले.

"चला," तो म्हणाला.

"कसं चलू?"

"तुम्हाला जसं येतं तसं."

ताई निघाल्या. गाडीने दोन हिसके दिले. ट्रकवाल्याने शेंगदाणे खाल्ले. एकदा तर गिअर असा करकरला की ताईंनी स्वतःच दात आवळले, पण हा गृहस्थ खिडकीतून झाडं बघतोय! बाराव्या वळणाला ताईंच्या लक्षात आलं की मघापासून आपण शेजारी बघितलंच नाही. माथ्यावर पोचल्यावर तो उतरला. ताई त्याचे उपकार कसे फेडू म्हणून मागे लागल्या, जेवायचा आग्रह करू लागल्या, पत्ता विचारू लागल्या.

"फेडबीड काही नको," तो म्हणाला. "वाटेत कोणी असंच अडकलेलं दिसलं तर त्याच्या शेजारी बसा."

"अहो, तो तर माझा धंदाच आहे!"

त्याने टपावरचा बोर्ड बघितला. "बसा म्हणतोय मी. शिकवू नका."

आता ताईंचा स्वभाव असा, की कोणाचं ऋण डोक्यावर असलं की त्यांना अन्न गोड लागत नाही. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये त्या अडकलेला माणूस हुडकत होत्या. एक जण रस्त्याकडेला दिसला, त्याच्यापाशी मोठ्या उत्साहाने थांबल्या, तर तो भलत्याच कामासाठी झुडपामागे निघालेला. ताई लाजून पुढे गेल्या.

उतार सुरू होतो तिथे मात्र खरोखरच एक व्हॅन उभी होती. दिवे उघडझाप करतायत, आत एक गोल चेहऱ्याचा माणूस स्टिअरिंगला कवटाळून बसलेला. ताई आपली गाडी बाजूला लावून लगबगीने गेल्या. माणसाने आरशात त्यांना येताना बघितलं आणि काच वर केली. दाराचं लॉकही लावलं.

"अहो, मी मदतीला आलेय!"

"नको!" आतून आवाज आला. "ताई, तुमच्या पाया पडतो, तुम्ही नको!"

"तुम्ही मला ओळखता?"

"सकाळी सातची बॅच," तो काचेआडून म्हणाला. "अकरा वर्षं झाली."

हळूहळू काच खाली आली आणि सगळं कळलं. तो बेकरीवाला होता, बेकरी आता माथ्यावरच्या गावात. खाली घाटाच्या पायथ्याशी पाच वाजता त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न लागणार होतं, बायको आणि पाहुणे सकाळीच पुढे गेले होते, आणि मागे फळीवर, ओल्या फडक्यांमध्ये टेकवून, लेकीसाठी स्वतःच्या हाताने केलेला तीन मजली केक होता. व्हॅनच्या ड्रायव्हरचा पाय ऐन वेळी मुरगळला. लायसन्स काय, बेकरीवाल्याकडेही होतंच. इथवर सरळ रस्ता होता, कसाबसा आला. पुढचा उतार बघितला आणि ब्रेक दाबून बसला. चार वाजले होते.

"पण तुम्ही तर माझ्याकडे शिकलात!"

"शिकलो कुठे? पाय तुमचाच असायचा ताई. लायसन्स मिळालं, गाडीत बसलो, शेजारी बघतो तर तुम्ही नाही. आणि कानात मात्र तुम्हीच. अकरा वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता."

रिकाम्या सीटकडे बघून घाम फुटणं म्हणजे काय, हे ताईंइतकं कोणाला ठाऊक? आपल्याकडून तीन हजार माणसं शिकून गेली, असं त्या अभिमानाने सांगायच्या. त्यातली किती अशी रस्त्याकडेला काचा लावून बसली असतील? त्यांना स्वतःचा राग आला, आणि मग रडू यायला लागलं.

"तुम्हीच चालवा ना," तो काकुळतीने म्हणाला आणि किल्ली पुढे केली.

हात पुढे गेला होता हो ताईंचा! पण त्यांनी तो मागे घेतला. "गाडी तुमची, केक तुमचा, लेक तुमची. मी नुसती शेजारी बसते."

"ओरडणार नाही?"

"शब्द काढणार नाही."

बेकरीवाल्याचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

ताईंनी आपली गाडी कुलूप लावून तिथेच ठेवली आणि व्हॅन निघाली. उतार नऊ किलोमीटरचा. शेजारच्या सीटखाली ब्रेक नव्हता, तरी ताईंचा उजवा पाय पायपुसणं दाबत राहिला. शेवटी त्यांनीही पाय वर घेऊन मांडी घातली. पहिल्याच वळणाला बेकरीवाल्याने आरसा बघितला नाही. एक. इंडिकेटर दिला नाही. दोन. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये? बाप रे! तीन. ताईंनी पदर तोंडात कोंबला. इंजिन घुमायला लागलं, गाडी पळायला लागली, बेकरीवाल्याच्या कपाळावर थेंब आले, आणि मग त्याने आपणहून, कोणी न सांगता, दुसरा गिअर टाकला. गाडी शहाण्यासारखी हळू झाली. ताईंना त्याची पाठ थोपटावीशी वाटली. तेही शिकवण्यातच मोडेल, म्हणून हातावर बसल्या.

सहाव्या किलोमीटरला समोरून बस आली, वळण कापत, आपल्या बापाचा रस्ता असल्यासारखी.

"क्ल—" ताईंच्या तोंडून गेलंच.

बेकरीवाल्याचा पाय ब्रेकवर आदळला. मागे केकचा वरचा मजला बोटभर सरकला. ताईंनी त्या "क्ल"चा ताबडतोब खोकला केला, आणि असा केला, की डोळ्यांतून पाणी आलं. बस घासून गेली.

"काही म्हणालात?" त्याने विचारलं.

ताईंनी मान हलवली, घशाकडे बोट दाखवलं.

मग त्याने हात पँटला पुसले, आरसा बघितला, हो, बघितला, आणि व्हॅन अलगद पुढे काढली. शेवटचे तीन किलोमीटर त्याने केकच्या तालाने नेले. ताईंच्या पोटात सतरा चुका साठल्या होत्या, पण पुढे मोजायचं त्या मध्येच कुठेतरी विसरल्या.

हॉलच्या दारात पावणेपाचला व्हॅन थांबली. त्याची लेक, नवरी, पोशाख उचलून धरत धावत आली. बाबा फोन उचलत नाहीत म्हणून तिचा चेहरा रडवेला झाला होता. तिने मागचं दार उघडून केक बघितला, मग पुढे येऊन बाप कुठल्या सीटवरून उतरतोय ते बघितलं.

"बाबा! तुम्ही चालवलीत? घाटातून?"

बेकरीवाला ताईंकडे बघायला लागला. भला माणूस, खरं सांगून टाकायच्या बेतात होता.

"एकट्याने!" ताईच आधी बोलल्या. नऊ किलोमीटर कोंडलेला आवाज, तो दणदणीतच निघाला. "मला तर वाटेत लिफ्ट दिली यांनी. काय सुरेख चालवतात हो तुमचे बाबा! मला डुलकी लागली."

लेकीने बापाच्या गळ्यात हात टाकले. "अहो काकू, तुम्हाला माहीत नाही," ती ताईंना म्हणाली, "आमचे बाबा गाडीला इतके घाबरायचे! कुठल्या तरी बाईकडे शिकले होते, ती म्हणे नुसती अंगावर ओरडायची."

बेकरीवाल्याने मान खाली घातली आणि बुटांकडे बघत राहिला.

"असतात हो काही बाया तशा," क्लचताई म्हणाल्या. "चला, केकची ती बाजू धरा, मी ही धरते."