या बाई, माप द्यायला

रोज सकाळी कापड पसरण्याआधी मास्तर कात्रीची मूठ टेबलाच्या कडेवर दोनदा आपटायचे. टक्, टक्. की कापडांच्या ढिगातून एक करडी मांजरी आळोखेपिळोखे देत बाहेर यायची आणि टेबलावरून खाली उतरायची. फार पूर्वी एका कोटाच्या अस्तराबरोबर मास्तरांनी तिच्या शेपटीचे केस कापले होते, तेव्हापासूनची ही खूण. तिचं नावही तेव्हाच पडलं, अस्तर. घरात दुसरा एक बोका होता. झोपण्याआधी मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखा स्वतःभोवती गोल गोल फिरायचा, म्हणून तो बॉबिन.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तर कापायचे, शिवायचे. मास्तरीणबाई खिडकीपाशी बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या. मशीनला त्या हात लावत नसत. ते मास्तरांचं.

मास्तरांचा आवाज बसला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. "दिवसभर टाचण्या तोंडात धरून बोलता, दुसरं काय होणार?" असं म्हणून मास्तरीणबाईंनी गुळण्यांना पाणी गरम केलं. आवाज काही सुटेना. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेले. घशात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही.

दोघं पायीच घरी निघाले. वळणावर मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चला, आता भांडणात तूच जिंकणार."

"आजवर कोण जिंकत होतं?" मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून पुढे झाल्या.

तोवर मांजरंही म्हातारी झाली होती. बॉबिनचं मूत्रपिंड थकलं होतं. शिवून झालेले कोट जिथं टांगायचे त्या दांडीला आता सलाईनची पिशवी असायची, आणि मास्तरीणबाई सुई त्याच्या मानेच्या कातडीखाली घालून बसायच्या. अस्तरचे डोळे गेले होते. बशी नाकासमोर ठेवली तरी ती ढिम्म हलत नसे. मास्तर गिऱ्हाइकाला बोलवावं तसं म्हणायचे, "या बाई, माप द्यायला!" मग कान टवकारून, भिंतीला अंग घासत ती यायची आणि त्यांच्या आवाजाच्या सोबतीनं खायची. ते गप्प झाले की तीही थांबायची.

ऑपरेशननंतर श्वासासाठी गळ्यात राहणाऱ्या भोकाची मास्तरांना धास्ती नव्हती. धास्ती होती ती याची. "मी मुका झालो तर ही उपाशी मरेल गं."

"मी हाक मारीन की."

त्यांनी मारून पाहिली. अस्तरनं नुसता एक कान वळवला.

"माझ्या आवाजात काय विष कालवलंय?"

"तुझ्या हाकेला मी कधी उठलो नाही, ती कुठनं उठणार?"

लेक लांबच्या शहरातून आली होती. तिनं वडिलांची हाक मोबाईलमध्ये भरून घेतली. पहिल्या दिवशी अस्तर त्या आवाजाकडे आली, मोबाईल हुंगला, पलीकडे हात शोधला. हात नव्हता. ती मागे फिरली ती त्या आवाजाला पुन्हा आलीच नाही.

ऑपरेशन झालं. लेक रजा संपल्यावर परत गेली. मास्तरीणबाई सकाळी दवाखान्याच्या बाकावर आणि दुपारी घरी, अशा दोन ठिकाणी एकट्या बसू लागल्या. मशीन चादरीखाली होतं. अस्तरचं तोंड उघडून त्या पिचकारीनं पातळ खाणं सोडायच्या. त्यातलं अर्धं तिच्या छातीवर, अर्धं यांच्या लुगड्यावर. एका दुपारी बॉबिनला सलाईन लावलं असताना त्यांचा डोळा लागला. मांडी ओली झाली म्हणून जाग आली, तर सुई निसटलेली होती आणि बॉबिन गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मास्तरांना सांगितलं. उशाशी काळ्या कापडाचा तुकडा आणि शिंपीकामाचा खडू असायचा. मास्तरांनी लिहिलं, 'कशात गुंडाळलास?'

"कोटाचं साटिन उरलं होतं. त्यात."

त्यांनी मान हलवली आणि अक्षरं तळहातानं पुसली.

मास्तर घरी आले. घरात माणूस परत आल्यावर इतकं सुनं वाटेल असं मास्तरीणबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. एकट्या होत्या तेव्हा शांततेचं कारण तरी होतं. आता त्या ओट्यापाशी पाठ करून उभ्या राहिल्या की घरात कुणीच नसायचं. वळून पाहिलं तरच नवरा असायचा. कुणी 'अगं' म्हणत नव्हतं. त्या मोठ्यानं विचारायच्या, "चहा टाकू?" आणि जरा थांबून स्वतःच म्हणायच्या, "टाकते."

अस्तर मात्र वाळत चालली होती. पिचकारी दिसत नसली तरी तिला ती कळायची, आणि ती दात आवळून घ्यायची.

एका सकाळी मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी बशी खाली ठेवली, कात्री उचलली आणि टेबलावर आपटली. टक्, टक्. अस्तर ताडकन उठली आणि कपाटाखाली शिरली. मास्तरांनी पुन्हा आपटली. ती आणखी आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मास्तर हिरमुसले.

मास्तरीणबाईंच्या हातातलं बटण थांबलं. "अहो, ती तर 'ऊठ इथनं'ची खूण! तुम्हीच नाही का शिकवली? बिचारी ऐकतेय तुमचं, आणि तुम्ही तिलाच हाकलताय!"

मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं. त्यांचे खांदे गदगदू लागले, गळ्यावरचं मलमलीचं फडकं वरखाली झालं. मास्तरीणबाई धावत समोर गेल्या. तोंड पाहिल्याशिवाय हसतायत की रडतायत ते कळायला मार्ग नव्हता. हसत होते.

मग ते उठले आणि त्यांनी मशीनवरची चादर ओढली. दोऱ्याशिवाय, कापडाशिवाय नुसतं पायडल मारायला लागले. खडखड, खडखड. मास्तर परत आल्यापासून पहिल्यांदाच घराला घराचा आवाज आला. कपाटाखालून आधी मिशा दिसल्या, मग अस्तर आली, मास्तरांच्या पायाशी टेकून उभी राहिली. मास्तरीणबाईंनी बशी हळूच पुढे सरकवली. मशीन चालू होतं तोवर ती खात राहिली.

तेव्हापासून रोज मशीन रिकामं चालतं. समोरचा इस्त्रीवाला कपडे घेऊन आला तेव्हा म्हणाला, "मास्तरीणबाई, ऑर्डर मोठी दिसतेय!"

"हो. एकाच बाईची आहे."

त्यानं वाकून पाहिलं आणि हसला. मग आवाज खाली आणून विचारलं, "शेवटचं काय बोलले हो मास्तर, आत नेताना?"

मास्तरीणबाईंना ती चाकांची खाट आठवली. लेकीनं मोबाईल पुढे धरला होता, त्यांनी स्वतः कान ओठांजवळ नेला होता. काहीतरी जन्मभर पुरेल असं ऐकायला मिळेल म्हणून.

"म्हणाले, 'अगं, मशीन झाकून ठेव. मांजरांचे केस जातात आत.'"