जॉब नावाचा तुकडा

आमच्या गावाकडे जॉब म्हणजे नोकरी. ती शोधत मी परभणीकडून चाकणला आलो. पहिल्या दिवशी लेथवरच्या मिस्त्रीने लोखंडाचा एक तुकडा हातात दिला आणि म्हणाला, "हा जॉब लाव." मी नुसता बघत राहिलो. "अरे भावा, मिळाला ना तुला जॉब? मग आवळ की मशीनमध्ये!"

इथे मशीनवर चढतो तो प्रत्येक तुकडा जॉब. पुढे नोकरी सोडून कुरुळीत भाड्याने शेड घेतली, तेव्हा तिसरा अर्थ गळ्यात पडला: जॉबवर्क. माल दुसऱ्याचा, ड्रॉइंग दुसऱ्याचं, आपण फक्त मापात आणून द्यायचं. रहाटणीचे सासरे म्हणाले, "चांगला जॉब सोडलात आणि आता लोकांचे जॉब करता होय?"

मुलीने एकदा कोश बघून सांगितलं, की इंग्रजीतही हा शब्द आधी सुट्या, किरकोळ कामालाच होता. पगाराची नोकरी हा अर्थ खूप नंतरचा. त्याही मागे तुकडा, गोळा असं काहीतरी असावं. नक्की कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे सासऱ्यांपेक्षा मिस्त्री मुळाच्या जवळ होता.

माझं दुखणं वेगळंच होतं. नऊ वर्षं मी एकाच मापाची लोखंडी पिन बनवत होतो आणि तिच्यावर अक्षरं ठोकत होतो ती काम देणाऱ्या कारखान्याच्या नावाची. जॉब नापास झाला की माझा, पास झाला की त्यांचा.

गेल्या वर्षी रेट वाढवून मागायला गेलो. तिथला खरेदी अधिकारी म्हणाला, "राव, जॉबवर्कवाले रांग लावून उभे आहेत बाहेर."

डोकं फिरलं. खिशातली पिन काढून त्याच्या टेबलावर आपटली. "असतील उभे. त्यातल्या एकाला ही बनवून दाखवायला सांगा."

त्याने पिन उचलून उलटसुलट करून पाहिली. मग मी मागणीच बदलली. "रेट वाढवू नका. हवा तर थोडा उतरवा. पण तुमच्या अक्षरांशेजारी माझी दोन अक्षरं पाहिजेत."

"अक्षरांनी पोट भरतं का?"

"ते माझं मी बघतो. तुम्ही लिहून द्या."

महिन्याने होकार आला. अक्षरांचा पंच बनवून आणला आणि पहिल्या शंभर जॉबांवर मीच ठोकला. कामगारांना वाटलं, मालक माल तपासतोय. रेट किती उतरला, ते घरी अजून बोललेलो नाही.