भिंतीकडं तोंड करून घेतलेला सिंथेसायझर

“तोंड भिंतीकडं करा, पाव्हणं.”

मास्तरांच्या दुकानात सिंथेसायझर घ्यायला गेलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं आहे. बारामतीत भिगवण रस्त्याजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. आत शिरलं की उजव्या हाताला एक प्लास्टिकची खुर्ची, आणि तिचं तोंड थेट भिंतीकडं. समोर बघायला काय, तर खताच्या दुकानाचं कॅलेंडर. बँडचा मालक असो, भजनी मंडळाचा अध्यक्ष असो, नाहीतर पोरीला क्लास लावणारी बाई असो, शाळेत शिक्षा झाल्यासारखं तिथं बसायचं. मास्तर मागं उभं राहून एकेक वाद्य वाजवणार आणि आपण फक्त नंबर सांगायचा. पहिला, दुसरा की तिसरा.

“दिवं बघून घेतल्यालं वाद्य महिन्यात माळ्यावर जातंय,” ते म्हणायचे. “ऐकून घेतल्यालं ऱ्हातंय.”

मास्तर मूळचे वरकुट्याचे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवत गावोगाव हिंडले, मग हे दुकान टाकलं. दुरुस्ती करायची आणि जुनी-नवी वाद्यं विकायची. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण सगळा तालुका त्यांना मास्तरच म्हणायचा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक मऊ ब्रश असायचा.

त्या ब्रशाला कारण होतं. आपल्याकडच्या बँडवाल्यांची वाद्यं बहुतेक एकाच कारणानं बंद पडतात. मिरवणुकीत भंडारा उधळला की ती हळद पट्ट्यांच्या फटीत जाते, वरून घाम पडतो, आणि दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. मास्तर वाद्य उघडायचे, ब्रशानं पिवळी पूड कागदावर झाडायचे, त्यातली चिमूटभर कपाळाला लावायचे आणि उरलेली दाराशी असलेल्या कुंडीत ओतायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, “देवाचा माल हाय. कचऱ्यात कसा टाकू?” संध्याकाळपर्यंत त्यांचं कपाळ पिवळंजर्द झालेलं असायचं.

आता माझं सांगतो. मी अंथुर्ण्याचा, साखर कारखान्यात मिलहाऊसला फिटर. कुठल्या कारखान्यात ते विचारू नका, आवाज सगळ्यांचा सारखाच. ऊस पिळणाऱ्या त्या धुडाशेजारी मी विसाच्या वर हंगाम काढले. नुसत्या आवाजावर कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचो. दुसऱ्या पाळीचे लोक मला घरून बोलवून न्यायचे, आणि मला त्याची मस्ती होती, खोटं कशाला बोलू. कानात घालायला बोळे मिळायचे, ते मी खिशात ठेवायचो. बोळे घातले तर मशीन काय बोलतंय ते कळणार कसं, असं मी इतरांनाही वर तोंड करून शिकवायचो.

सिंथेसायझरचं वेड जुनं. शाळेत असताना यात्रेत ऑर्केस्ट्रा आला होता. एक माणूस एकाच पेटीतून घडीत बासरी काढायचा, घडीत व्हायोलिन. ते डोक्यात बसलं ते बसलंच. पन्नाशी उलटली, मुलगी नांदायला गेली, तेव्हा म्हटलं आता शिकायचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “माणसाशी बोलाय येत न्हाय, आता डब्याशी बोलणार हायत.”

हे ती उगाच म्हणाली नव्हती. तीन-चार वर्षं आमच्या घरातलं बोलणं आटत चाललं होतं. ती स्वयंपाकघरातून काही सांगायची, मला धड कळायचं नाही. मी खेकसायचो, “तोंडातल्या तोंडात बोलू नगं.” ती म्हणायची, “मुद्दाम करता तुमी.” होता होता तिनं सांगणंच सोडून दिलं. घरात माणसं दोन, आणि लेकीला दिवस गेल्याची गोष्ट मला समजली ती शेजारच्या आबांकडून. बाई वयानं तुसडी झाली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तरी त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. मी चार लोकांत फसेन आणि मोठं धूड उचलून आणीन, याची तिला खात्री होती. आणि तिचा अंदाज बरोबर होता. काचेतलं सगळ्यात मोठं, लाल-निळ्या दिव्यांचं वाद्य मी बाहेरूनच पसंत केलं होतं. मास्तरांनी मला भिंतीकडं बसवलं.

पहिलं वाद्य वाजलं. सुरांबरोबर ठेकाही होता. मी फिटरच्या थाटात म्हणालो, “मास्तर, ढोल चांगलाय, पर झांज गेलीया ह्याची.”

दुसरं वाजलं. “ह्याचीबी गेलीया.”

तिसऱ्यालाही झांज नव्हती. “सगळा लॉटच खराब दिसतोय,” मी म्हणालो. “आतला स्पीकर उघडून बघा एकदा.” गुरुजींना अंकगणित शिकवावं तसं मी त्यांना स्पीकरवर दोन वाक्यं ऐकवलीसुद्धा.

मग मास्तरांनी त्यांचं स्वतःचं जुनं वाद्य काढलं, ऑर्केस्ट्रातलं. ते विकायचं नव्हतं. त्यावर ओळीनं नॉब होते. त्यातला एक फिरवला की आवाजातला बारीक, तीक्ष्ण भाग हळूहळू कमी होत जातो आणि शेवटी नुसता घुमारा उरतो. त्यांनी बायकोलाही एक स्टूल देऊन माझ्याशेजारी भिंतीकडं बसवलं. म्हणाले, “एकच सूर धरून ठेवतो. बदलला असं वाटलं की हात वर करायचा. दोघांनीबी कॅलेंडरवरली नजर काढायची न्हाय.”

सूर सुरू झाला. मी कान देऊन बसलो. बराच वेळ काही होईना. शेवटी एकदाचा फरक जाणवला आणि मी हात वर केला. शेजारी बघितलं तर बायकोचा हात आधीच वर होता आणि ती माझ्याकडं टक लावून बघत होती. मास्तरांनी असं तीनदा केलं. तिन्ही वेळा तिचा हात वर जाऊन बराच वेळ झाल्यावर माझा गेला.

“पाव्हणं, काम कुठं करता?”

“मिलहाऊसला.”

“कानात बोळं घालता?”

“खिशात असत्यात,” मी म्हणालो. माझा आवाज जरा खाली आला होता.

मास्तरांनी त्या वाद्याला माईक जोडला आणि बायकोला म्हणाले, “वैनी, तुमी बसून ऱ्हावा. मी बोलतो ते ऐका.” ते माईकमध्ये साधंच काहीतरी बोलू लागले. चहा ठेवलाय, दळण आणायचंय, लेकीचा फोन आला होता. बोलता बोलता, मी हात वर केला होता तिथपर्यंत त्यांनी नॉब फिरवला. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. बायको मात्र कपाळाला आठ्या घालून पुढं वाकली. नंतर तिनं मला सांगितलं, वाकळ पांघरून कुणी आतून बोलावं तसं वाटलं. आवाज येतोय, माणूस बोलतंय हे कळतंय, पण काय बोलतंय ते पकडून पकडून घ्यावं लागतंय.

“ह्यांना असं ऐकू येतं?” तिनं विचारलं.

“असंच न्हाय, पर जवळपास असंच.”

“मी हाक मारती तीबी?”

“व्हय, वैनी.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. “मी तर म्हणायची, मुद्दाम करत्यात,” ती म्हणाली. हे वाक्य तिनं मास्तरांना सांगितलं, मला नाही.

मास्तर वळून मला म्हणाले, “आज वाद्य द्यायचं न्हाय तुमाला. आधी कानाच्या डॉक्टरकडं जावा.”

माझं डोकं फिरलं. ज्याच्या कानावर कारखान्याची मिल चालते त्याला बहिरा म्हणतोस? मी ताडकन उठलो. “वाद्य ठेवा तुमच्याकडंच,” म्हणालो आणि बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारली. बायको कशीबशी मागं बसली, आणि अंथुर्णं येईपर्यंत मी गाडी दामटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बूट घालत होतो. एरवी ती आतून ओरडायची. त्या दिवशी ती बाहेर आली, माझ्या खांद्याला हात लावला, मी वर बघेपर्यंत थांबली, आणि माझ्या तोंडाकडं बघत सावकाश म्हणाली, “येताना दळण आणा.”

मला शब्द न् शब्द ऐकू आला. एवढ्या वर्षांत आपण हिला काय काय बोललो, ते सगळं आठवलं आणि लाज वाटली. मी बूट काढून ठेवले, रजा टाकली आणि डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही, पण राहिलंय ते सांभाळलं तर टिकेल. कानात घालायचं यंत्र दिलं. यंत्र लावून मी थेट मास्तरांच्या दुकानात गेलो आणि न सांगता भिंतीकडं तोंड करून बसलो. त्यांनी मागल्या वेळेचीच तीन वाद्यं वाजवली. तिन्हींत झांज होती. छिस, छिस, छिस. मला रडू आलं. कॅलेंडराकडं तोंड होतं ते बरं झालं.

मी सर्वांत लहान वाद्य निवडलं, कुणीतरी वापरून विकलेलं. मास्तर खूश झाले. “पयलं वाद्य पयल्या सायकलीसारखं असावं, पडलं-झडलं तरी जिवाला लागाय नको.” मग त्यांनी वायरमनची काळी चिकटपट्टी घेऊन आवाजांची सगळी बटणं झाकून टाकली. एक पियानोचं तेवढं उघडं ठेवलं. ही त्यांची नेहमीची पद्धत. “महिनाभर ह्या एकाच आवाजाशी वळख करा. मग या, दुसऱ्याची पट्टी काढतो.”

त्या निमित्तानं मी जात राहिलो. दर वेळी एक पट्टी निघायची, आणि वर्षातून दोनदा माझ्या कानातलं यंत्र काढायला लावून ते जुन्या वाद्याचा तो नॉब फिरवायचे. पहिल्या दिवशी मी जिथं हात वर केला होता तिथं त्यांनी व्हाईटनरनं बारीक रेघ मारली होती. मी हात वर केला की ते वाकून बघायचे. “रेघ तिथंच हाय,” म्हणायचे. “बोळं घालता न्हवं? जावा आता.” आता मिलहाऊसला बोळे न घालणाऱ्याला मी शिव्या घालतो.

एकदा मी विचारलं, मास्तर, झांजेवरून तुम्हाला कसं कळलं? त्यांनी डावा कान माझ्याकडं केला आणि चुटकी वाजवून मान हलवली. तो कान गेलेला होता. स्टेजवर वर्षानुवर्षं त्या बाजूला स्पीकरची भिंत असायची. “मला कुणी येळेवर बसवलं न्हाय भिंतीकडं,” एवढंच म्हणाले आणि ब्रश काढून कामाला लागले. तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं की हा माणूस आम्हाला नेहमी स्वतःच्या उजव्या कानाकडंच का बसवतो.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. दहाव्याला वरकुट्यात बँडवाल्यांची ही गर्दी होती. मी परत निघालो तेव्हा त्यांच्या पत्नीनं मला थांबवलं आणि कापडात गुंडाळलेलं ते जुनं वाद्य पुढं केलं. “फिटरला द्या म्हणले हुते,” त्या म्हणाल्या. मी ते छातीशी धरून घरी आणलं.

घरी बायकोनं ते पुसायला घेतलं. नॉबच्या बुडाशी पिवळी पूड होती. तिनं ती बोटावर घेतली, स्वतःच्या कपाळाला लावली, मग माझ्या. माझ्या छोट्या वाद्याच्या बटणांवरच्या चार काळ्या चिकटपट्ट्या अजून निघायच्या आहेत. त्या काढायला माझा हात होत नाही.

परवा तिनं खुर्ची ओढली आणि फर्मावलं, “तोंड भिंतीकडं करा.” मी यंत्र काढून खिशात ठेवलं आणि बसलो. मागं सूर लागला. तिला वाजवता येत नाही, एक पट्टी दाबून धरायला आणि नॉब फिरवायला येतं. बऱ्याच वेळानं मी हात वर केला. सूर थांबला. मी यंत्र कानात बसवत होतो, माझी पाठ अजून तिच्याकडंच होती, आणि ती पुटपुटल्यासारखं, स्वतःशीच म्हणाली, “रेघ तिथंच हाय.”

ते मला मागं न वळता ऐकू आलं.